आग सोमेश्वरी, धूर रामेश्वरी

२४ सप्टेंबर १९५०, रविवार. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि शेजारच्या कॅनडात भर दुपारी अंधारून आलं. पाऊस नाही, वादळ नाही, ग्रहणही नाही. रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात परतल्या. क्लीव्हलँडमध्ये दुपारचा बेसबॉलचा सामना दिवे लावून खेळवला. कोरियात युद्ध सुरू होतं आणि रशियाने आदल्याच वर्षी अणुचाचणी केली होती. त्यामुळे लोकांना पहिली शंका कसली आली असेल हे वेगळं सांगायला नकोच. दोन दिवसांनी, अटलांटिकच्या पलीकडे स्कॉटलंडमध्ये, लोकांना चक्क निळा सूर्य दिसला.

कारण होतं पश्चिम कॅनडातला वणवा. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांच्या सीमेवर चिंचागा नावाच्या नदीच्या आसपासचं जंगल जूनपासून जळत होतं. वस्ती जवळजवळ नाहीच, त्यामुळे विझवायलाही कोणी फारसं गेलं नाही. जंगल जळलं कॅनडाच्या एका टोकाला, आणि दिवे लागले तीन-साडेतीन हजार किलोमीटरवर. आपल्याकडे 'आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी' म्हणतात. इथे तर धूरच रामेश्वरी पोचला होता!

आता गंमत बघा. आज असं काही झालं तर आपण मोबाईल काढून दोन मिनिटांत धुराचा नकाशा पाहू. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं, तेव्हा झालंही तसंच. क्युबेकमधल्या वणव्यांचा धूर कुठल्या दिवशी कुठल्या शहरावर येणार याचे अंदाज टीव्हीवर पावसाच्या अंदाजासारखे सांगत होते. १९५० साली यातलं काहीच नव्हतं. होते ते वाऱ्यांचे नकाशे, वैमानिकांनी दिलेले निरोप आणि हवामान केंद्रांच्या नोंदी. या सगळ्याची मोट बांधून धुराचा मार्ग ज्यांनी मांडला त्यांच्यात एक नाव होतं हॅरी वेक्सलर. अमेरिकेच्या हवामान खात्यातला हा शास्त्रज्ञ. त्याने या धुरावर त्याच वर्षी एक लेखही लिहिला.

हाच माणूस चार वर्षांनी, १९५४ साली, न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणात एका सभेत उभा राहिला आणि म्हणाला की हवामान बघायचं तर वरून बघायला हवं. तेव्हा उपग्रह नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. स्पुटनिकला अजून तीन वर्षं होती. वेक्सलरने एका चित्रकाराकडून अवकाशातून पृथ्वी कशी दिसेल याचं चित्र काढून घेतलं होतं, ढगांच्या भोवऱ्यांसकट. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट नाही, प्रोटोटाइप नाही, नुसता मॉकअप दाखवून रिक्वायरमेंट पटवून दिली :) १ एप्रिल १९६० ला टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह उडाला. तो ७८ दिवस चालला आणि त्याने जवळजवळ तेवीस हजार चित्रं पाठवली. वेक्सलर १९६२ साली गेला. त्याने काढून घेतलेलं चित्र खरं झालेलं मात्र त्याला बघायला मिळालं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की झालं, उपग्रह आला, कॅमेरा आला, धूर आणि धूळ दिसायला लागली, गोष्ट संपली. नाही हो. खरी गोष्ट इथूनच सुरू होते. कारण धूर आणि धूळ कॅमेऱ्यात *दिसणं* आणि ती *ओळखता येणं* यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यासाठी आधी थोडं मागे जाऊ. धुळीचं कोडं धुरापेक्षा जुनं आहे. जानेवारी १८३२ मध्ये 'बीगल' जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटांवर थांबलं, तेव्हा चार्ल्स डार्विन नावाच्या तरुणाने हवेतून पडणारी बारीक तपकिरी धूळ जमा केली. (डार्विन तेव्हा २२ वर्षांचा होता. मी २२ व्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत उभा होतो. असो.) ती धूळ त्याने बर्लिनच्या एरेनबर्ग या सूक्ष्मदर्शकाच्या जाणकाराकडे पाठवली. एरेनबर्गला धुळीत सूक्ष्मजीवांची कवचं सापडली, आणि त्यातली बहुतेक गोड्या पाण्यातली! भर समुद्रात, वाळवंटाच्या बाजूने येणाऱ्या धुळीत, गोड्या पाण्यातले जीव? हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १८४६ मध्ये डार्विनने अटलांटिकवर जहाजांवर पडणाऱ्या धुळीबद्दल एक स्वतंत्र निबंध लिहिला.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर काही शास्त्रज्ञ किनाऱ्यावर जाळ्या टांगून बसले होते. त्यांना हवी होती अवकाशातून पडणारी धूळ, उल्कांचे बारीक कण वगैरे. जाळीत आली ती लालसर तपकिरी माती, आणि ती निघाली आफ्रिकेची! म्हणजे पुरा अटलांटिक ओलांडून आलेली. जोसेफ प्रॉस्पेरो या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे काम हातात घेतलं आणि बार्बाडोसची धूळ १९६५ पासून सतत मोजली जाऊ लागली. ७० च्या दशकात सहाराच्या दक्षिणेला साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला तेव्हा हजारो किलोमीटर दूर बार्बाडोसच्या जाळीतली धूळ वाढली. एका खंडातला दुष्काळ दुसऱ्या खंडाजवळच्या बेटावर मोजला जात होता.

पण ती धूळ आफ्रिकेत नेमकी कुठून उठते? सहारा म्हणजे काही आपल्या सोसायटीचं पार्किंग नाही. जवळजवळ अख्ख्या अमेरिकेएवढं वाळवंट आहे ते. तिथे जाऊन जाळ्या कुठे कुठे लावणार? आणि उपग्रहाच्या साध्या चित्रांचा उपयोग अर्धाच. निळ्या समुद्रावर पिवळट धूळ छान दिसते, पण पिवळ्या वाळवंटावर पिवळी धूळ कशी दिसणार? धुराचंही तसंच. समुद्रावर किंवा गर्द जंगलावर एक वेळ कळेल, पण पांढऱ्या ढगांच्या आसपास गेला की ढग कुठे संपतो आणि धूर कुठे सुरू होतो ते सांगणं कठीण. थोडक्यात काय, तर कॅमेरा होता, पण कॉन्ट्रास्ट नव्हता.

आता या गोष्टीतला नायक येतो, आणि तो दुसऱ्याच कामावर आलेला आहे.

२४ ऑक्टोबर १९७८ ला नासाने निम्बस-७ उपग्रह सोडला. त्यावर टॉम्स नावाचं एक उपकरण होतं. त्याचं काम एकच: ओझोन मोजणे. सूर्याचे अतिनील किरण पृथ्वीवर येतात, हवेत विखुरतात, काही परत वर जातात. ओझोन त्यातल्या कमी तरंगलांबीच्या किरणांना जास्त गिळतो. टॉम्स अशा सहा तरंगलांबींवर परत आलेला प्रकाश मोजायचं आणि त्यावरून खाली ओझोन किती आहे ते काढायचं. या सहापैकी शेवटच्या, म्हणजे जास्त लांबीच्या किरणांना ओझोन जवळजवळ हात लावत नाही. ते फक्त खाली ढग किंवा बर्फ किती चमकतंय हे कळण्यासाठी ठेवले होते. म्हणजे मुख्य डेटा वेगळा आणि हे नुसते कॅलिब्रेशनसाठी.

टॉम्स म्हटलं की एक किस्सा नेहमी सांगितला जातो, तुम्ही कदाचित ऐकला असेल: नासाच्या सॉफ्टवेअरने अंटार्क्टिकावरचे ओझोनचे फार कमी आकडे 'चूक' समजून फेकून दिले, म्हणून ओझोनचं छिद्र नासाला दिसलंच नाही आणि ब्रिटिशांनी बाजी मारली. आमच्या क्षेत्रात तर हा किस्सा प्रत्येक टेस्टिंगच्या ट्रेनिंगमध्ये असतो. अर्धा खरा आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जोसेफ फार्मन आणि सहकाऱ्यांनी मे १९८५ मध्ये जमिनीवरच्या उपकरणाच्या जोरावर ते जाहीर केलं, हे खरं. पण टॉम्सच्या सॉफ्टवेअरने आकडे फेकले नव्हते, त्यांच्यावर 'संशयास्पद' असा शिक्का मारून ठेवले होते. फरक छोटा वाटतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. फेकलेलं परत येत नाही. शिक्का मारून ठेवलेलं परत उघडून बघता येतं. नासाने ते बघितलं, आणि जुन्या डेटातून अख्ख्या खंडावरच्या छिद्राचे नकाशे तयार झाले.

शिक्का मारलेल्या गोष्टी टॉम्सकडे आणखीही होत्या. १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याच्यावरचा 'ओझोन' एकदम वाढल्यासारखा दिसला. ज्वालामुखीतून ओझोन कशाला येईल? आर्लिन क्रूगर या टॉम्सच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की तो ओझोन नसून सल्फर डायऑक्साइड आहे, तोही त्याच किरणांना गिळतो. तेव्हापासून टॉम्स ज्वालामुखीही मोजायला लागलं.

आणि मग उरला तो 'उरलेला' भाग. शब्दशः उरलेला! हिशोब असा होता: हवा स्वच्छ असेल तर शेवटच्यांपैकी दोन तरंगलांबींच्या प्रकाशाचं आपापसातलं प्रमाण किती असावं हे भौतिकशास्त्रातून काढता येतं. ढग आले तरी ते दोघांनाही साधारण सारखंच परत पाठवतात. मोजलेलं प्रमाण वजा काढलेलं प्रमाण, याचं उत्तर शून्याच्या जवळ यायला हवं. बहुतेक ठिकाणी यायचंही. पण काही ठिकाणी हट्टाने यायचं नाही. सहारावर, अरबस्तानावर, ॲमेझॉनवर जंगल जाळण्याच्या महिन्यांत.

कारण असं. हवेचे रेणू कमी लांबीचे किरण जास्त विखुरतात (म्हणून तर आकाश निळं). त्यामुळे वर परत येणाऱ्या प्रकाशात, खालच्या हवेने विखुरलेल्या अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो. मध्ये धुराचा किंवा धुळीचा थर आला की तो हे किरण गिळतो, आणि ज्या तरंगलांबीचा प्रकाश खालून जास्त येतोय तिचं नुकसान जास्त होतं. प्रमाण बिघडतं. बिघाड जितका मोठा तितका थर दाट किंवा उंच. म्हणजे ओझोनवाल्यांच्या दृष्टीने जी एरर होती, ती धूर आणि धुळीची सही होती.

नव्वदच्या दशकात जे हर्मन, क्रिस्टिना सू, ओमार टोरेस या नासाशी संबंधित मंडळींनी या उरलेल्या आकड्याला नाव दिलं: एरोसोल इंडेक्स. आणि मग जो दरवाजा उघडला तो बघा! अतिनील प्रकाशात वाळवंटसुद्धा काळपट दिसतं, त्यामुळे पिवळ्यावर पिवळं हा प्रश्नच मिटला. ढगांच्या वर तरंगणारा धूरही पकडता येऊ लागला. आणि सगळ्यात भारी म्हणजे हे सगळं फक्त नव्या डेटावर नाही, तर १९७८ पासूनच्या जुन्या टेप्सवर चालवता येत होतं. निम्बस-७ वरचं टॉम्स मे १९९३ मध्ये बंद पडलं होतं. मेलेल्या उपकरणाने चौदा वर्षांचा जगाच्या धुळीचा इतिहास मागे ठेवला होता, आणि तो बघायला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आता ते बार्बाडोसवाले प्रॉस्पेरो आठवतात? तीसेक वर्षं एका बेटावर जाळी लावून बसलेल्या माणसाला अचानक अख्ख्या जगाचा नकाशा मिळाला. २००२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टॉम्सच्या डेटावरून जगातली धुळीची उगमस्थानं शोधली. निष्कर्ष काय, तर धूळ वाळवंटभर सारखी उठत नाही. ती उठते ठरावीक खोलगट जागांवरून, जिथे पूर्वी कधीतरी पाणी साचायचं. सुकलेली तळी, जुन्या नद्यांचे गाळ. जगातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे चाड देशातला बोडेले नावाचा खोलगट प्रदेश. दोन डोंगररांगांच्या खिंडीतून वारा सुसाट येतो आणि जमीन उचलून नेतो. आणि ही जमीन म्हणजे? हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या एका प्रचंड सरोवराचा तळ, गोड्या पाण्यातल्या डायटमच्या कवचांनी भरलेला. डार्विनच्या डबीतली धूळ नेमकी इथलीच होती असं मी म्हणत नाही. पण वाळवंटाच्या धुळीत गोड्या पाण्यातले जीव का, याचं उत्तर मिळालं होतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. धूळ, डार्विन, बेट, शास्त्रज्ञ. पण १९९७ साल गोड नव्हतं.

त्या वर्षी एल निनो जोरात होता आणि इंडोनेशियात पावसाने दडी मारली. सुमात्रा आणि बोर्निओत जंगलं साफ करण्यासाठी, पाम तेलाच्या आणि कागदाच्या लाकडाच्या मळ्यांसाठी आगी लावण्याची पद्धत होतीच. त्यात आदल्या वर्षीपासून सुहार्तो सरकारने बोर्निओतली सुमारे दहा लाख हेक्टर पाणथळ जमीन भातशेतीखाली आणायचं ठरवून तिथे कालवे खणायला घेतले होते. ही जमीन साधी नाही. कुजलेल्या झाडपाल्याचे मीटर-मीटर जाडीचे थर, ज्याला पीट म्हणतात. पाण्यात असेपर्यंत ते शांत. पाणी काढलं की सरपण. आग वरून विझली तरी जमिनीखाली महिनोन् महिने धुमसत राहते. (आणि भात? भात काही पिकला नाही.)

धुराने सिंगापूर, मलेशिया झाकून टाकलं. २६ सप्टेंबर १९९७ ला गरुडा कंपनीचं विमान सुमात्रातल्या मेदानजवळ डोंगराला धडकलं आणि त्यातले सर्वच्या सर्व २३४ जण मेले. नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांच्यात डावं-उजवं असा गोंधळ झाला होता, आणि बाहेर धुरामुळे डोंगर दिसत नव्हता. वरून टॉम्सची पुढची आवृत्ती (१९९६ मध्ये सोडलेली) हे सगळं रोज बघत होती. नकाशावर धुराचा पट्टा हिंदी महासागरावर पसरलेला दिसत होता. पुढे २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीटमधून आणि जंगलातून बाहेर पडलेला कार्बन, जगभरातल्या कोळसा-तेलातून वर्षभरात निघणाऱ्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता. हा आकडा मी दोनदा वाचला.

इथून पुढे उपग्रहाचं चित्र ही नुसती विज्ञानाची गोष्ट राहिली नाही, तो पुरावा झाला. धूर सीमा ओलांडतो, पोलीस ओलांडत नाहीत. २००२ मध्ये आग्नेय आशियाई देशांनी सीमापार धुराबद्दल करार केला. ज्याच्या सहीची सगळ्यात जास्त गरज होती त्या इंडोनेशियाने त्याला संसदेची मंजुरी दिली २०१४ साली! त्याच वर्षी सिंगापूरने वैतागून स्वतःचा कायदा केला: दुसऱ्या देशात लावलेल्या आगीचा धूर सिंगापुरात आला तर त्या कंपनीला इथे दंड. आणि कायद्यातच लिहिलं की उपग्रहाच्या आणि हवामानाच्या माहितीवरून धूर अमुक जमिनीवरून आला असं दिसलं, तर तो तिथूनच आला असं गृहीत धरायचं. नाही म्हणायचं असेल तर कंपनीने सिद्ध करावं. तरीही २०१५ मध्ये धूर पुन्हा आलाच. पुरावा असणं आणि आग विझणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दरम्यान उपकरणं सुधारत होती. टॉम्सचा एक ठिपका ५० किलोमीटरचा, म्हणजे पुणे आणि आसपासचा परिसर मिळून एक पिक्सेल. डिसेंबर १९९९ मध्ये टेरा आणि मे २००२ मध्ये ॲक्वा हे उपग्रह आले. दोघांवर मोडिस नावाचं उपकरण, ३६ तरंगपट्टे, ठिपका एक किलोमीटर ते २५० मीटर. ते धूर तर बघायचंच, पण आगही बघायचं. तापलेली वस्तू सुमारे चार मायक्रॉनच्या पट्ट्यात झळाळून दिसते, आजूबाजूची गार जमीन तशी दिसत नाही. त्यामुळे किलोमीटरच्या ठिपक्यात अगदी छोट्या भागात आग असली तरी पकडता येते. धूळ-वाळवंटाचा जुना प्रश्न मोडिसलाही आला, आणि तो सोडवला परत त्याच क्रिस्टिना सू यांनी. निळ्या पट्ट्यात वाळवंट काळपट दिसतं, मग तिथूनच बघा. या पद्धतीचं नाव 'डीप ब्लू'.

उरला प्रश्न उंचीचा. वरून बघणाऱ्याला धूर जमिनीलगत आहे की दहा किलोमीटर वर, हे कळत नाही. आणि आपल्या फुप्फुसांना तर फक्त तेवढंच कळतं! एप्रिल २००६ मध्ये कॅलिप्सो उपग्रह लेझर घेऊन गेला आणि धुराचे उभे काप काढू लागला. त्यातून धुळीचा असा हिशोब निघाला: २००७ ते २०१३ च्या मोजणीनुसार आफ्रिकेतून दरवर्षी सरासरी १८ कोटी टन धूळ अटलांटिककडे निघते, त्यातली पावणेतीन कोटी टनांच्या आसपास ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते, आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन फॉस्फरस जंगलाला मिळतो. आटलेल्या तळ्याची माती दुसऱ्या खंडातल्या जंगलाचं खत! आणि २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांचा धूर तर स्वतःच उन्हाने तापून ३५ किलोमीटरपर्यंत चढला, हेही अशाच उपकरणांनी दाखवलं. कॅलिप्सोचं काम २०२३ मध्ये थांबलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर उपग्रह नवीन लेझर घेऊन गेला.

आता घरचा विषय. पंजाब-हरियाणात भात कापल्यावर उरलेली धसकटं जाळतात. हे दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला दिल्लीतल्या मित्रांच्या मेसेजमधून आपल्यापर्यंत पोचतं. यात एक विचित्र वळण आहे. २००९ मध्ये पंजाबने भूजल वाचवण्यासाठी कायदा केला, भाताची लावणी लवकर करायची नाही, पावसाच्या जवळ करायची. हेतू चांगला. पण लावणी पुढे गेली म्हणून कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीआधी वेळ उरेना, आणि जाळणं नेमकं त्या दिवसांत आलं जेव्हा उत्तरेत वारा पडतो आणि हवा थिजते. पाणी वाचवायला गेले आणि धूर अंगावर आला.

मग आगी मोजायला सुरुवात झाली, अर्थात उपग्रहाने. सरकारी मोजणीप्रमाणे पंजाबातल्या आगी २०२१ च्या हंगामात ७१ हजारांवर होत्या, २०२४ च्या हंगामात ११ हजारांच्या आत आल्या. टाळ्या! पण मोजणारे मुख्य उपग्रह एखाद्या ठिकाणावरून दुपारी दीडच्या आसपास जातात, रोज त्याच वेळी. आणि कोरियाच्या स्थिर उपग्रहाची दर दहा मिनिटांची चित्रं बघणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आगींची वेळच सरकली आहे, दुपारवरून संध्याकाळकडे. कॅमेरा निघून गेल्यावर! यंत्रं आली, अनुदानं आली, खरी घटही आहेच. जळालेलं क्षेत्र मोजलं तर तीही दिसते, पण आगींच्या आकड्याएवढी मोठी नाही.

इथे शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याचा माझा इरादा नाही. त्याच्याकडे पंधरा-वीस दिवस असतात आणि डोक्यावर कर्ज असतं. माझा प्रश्न आपल्यासारख्यांना आहे, जे डॅशबोर्ड बनवतात. आपण एक आकडा निवडतो, त्यावर बक्षीस आणि दंड ठरवतो, आणि मग आकडा सुधारला की प्रश्न सुटला म्हणून तिकीट क्लोज करतो. टॉम्सच्या मंडळींनी उलट केलं होतं. त्यांचा आकडा, म्हणजे ओझोन, व्यवस्थित येत होता. तरीही हिशोबात न बसणारा उरलेला भाग त्यांनी जपून ठेवला आणि कोणीतरी वर्षांनंतर विचारलं, हे शून्य का येत नाही? पंजाबच्या बाबतीत तो 'उरलेला भाग' म्हणजे दिल्लीतल्या मुलाचा खोकला आहे. आगी इतक्या कमी झाल्या असतील तर धूर तितका कमी का होत नाही, हा प्रश्न शिक्का मारून तरी ठेवायला हवा. (दिल्लीच्या हवेत गाड्या, कारखाने, बांधकामं सगळंच आहे, मान्य. पण म्हणूनच हिशोब नीट हवा.)

आणि आपण मुंबई-पुणेवाल्यांनी हा उत्तरेचा प्रश्न म्हणून हात झटकू नयेत. २३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवतोय? मुंबईत सकाळपासून सगळं धुरकट, गाड्यांवर पांढरट पावडर, पुण्यातही तेच. ती धूळ होती पाकिस्तानच्या बाजूची, अरबी समुद्रावरून आलेली. त्या दिवसांची चित्रं नासाच्या वर्ल्डव्ह्यू या साइटवर अजून आहेत, फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. तारीख टाका, भारताचा पश्चिम किनारा झूम करा आणि समुद्रावरचा मातकट पट्टा बघा. मग त्याच साइटवर एखाद्या नोव्हेंबरच्या दुपारचं पंजाब बघा, आगींचे लाल ठिपके चालू करून. आणि ठिपके कमी दिसले तर जरा त्यांच्या वरचा करडा थर किती आहे तेही बघा.

बाकी मग कमेंटमध्ये बोलूच. शुभ रविवार!